शिवकांताची फक्कीची रेघ

शिवकांता माझी धाकटी बहीण. सख्खी. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आता जळकोटात तिचं नाव निघालं की चार माणसं तरी म्हणतात, ती आमच्या ओळखीची हाय, आमच्या साडूच्या शेजारची हाय. ते सगळे मागून आलेले. पहिला नंबर ह्या उमाशंकरचा. मी चाकूरकडला, शिक्षण सातवी, धंदा बेकरीचा माल टाकायचा. सकाळी उदगीरला छोटा हत्ती टेम्पो भरायचा, पाव, खारी, टोस्ट, आन् दुकानंदुकानं वाटत जळकोटपर्यंत जायचं. बावीस वर्षं स्टेअरिंग हातात हाय, कुण्या पोलिसानं आजवर माझ्यावर शिट्टी मारली न्हाई. पण गोष्ट माझी न्हाई, तिची हाय.

लहानपणापासून तिला रांगेचं वेड. आमच्या गावात तवा एकच हापसा चालायचा. उन्हाळ्यात पहाटेपासून बायांची झुंबड, घागरीवर घागर, शिवीवर शिवी, रोज एखादीचा हंडा चेपलेला. शिवकांता दहा वर्षांची असंल. दोन दिवस ती निस्ती कट्ट्यावर बसून बघत राहिली. तिसऱ्या दिवशी विटंच्या तुकड्यानं तिनं जमिनीवर रेघ ओढली आन् सांगितलं, रिकामी घागर ह्या बाजूनं येईल, भरलेली त्या बाजूनं जाईल, आल्या वाटंनं परत कुणी फिरायचं न्हाई. कारण भांडण पाण्यावरून होतच नव्हतं. भरलेली घागर डोक्यावर घेऊन बाई माघारी गर्दीत घुसायची, तवा व्हायचं. गावात एवढाली माणसं, सरपंच, ग्रामसेवक, मास्तर. कुणाच्या ध्यानात आलं न्हाई, माझ्या बहिणीच्या आलं. पोलीस पाटलाच्या घरची कळशी त्यांचा गडी पुढं आणून ठेवायचा. शिवकांतानं ती उचलली, शेवटाला नेऊन ठेवली आन् आपल्या जागी येऊन बसली. पाटलीणबाई महिनाभर आमच्या घराकडं बघून तोंड वाकडं करायची, पण कळशी शेवटालाच.

दुसरी गोष्ट आमच्या अव्वाची, म्हणजे आईची. माझं लगीन झालं, मंजुषा सून म्हणून घरात आली. अव्वा तिला कधी थेट बोलली न्हाई. सुनेला बोललं की ती माहेरी सांगती, मग पाहुण्यात चर्चा होती, असा अव्वाचा हिशोब. मग काय, भाजीत मीठ जास्त टाकायचं मंजुषानं आन् बोलणी खायची शिवकांतानं. "शिवकांता, तुझ्या हाताला काही माप हाय का न्हाई," असं अव्वा वसरीतून म्हणायची, आन् शिवकांता बिचारी चुलीपाशी गेलेली बी नसायची. दुसऱ्या दिवशी मीठ बरोबर. लेकी बोले सुने लागे म्हणतात, ते आमच्या घरात दोन टाइम चालायचं. दोन वर्षं, तिचं लगीन होईपर्यंत, दुसऱ्याच्या वाट्याची बोलणी तिनं खाल्ली. एकदा बी म्हणली न्हाई की हे माझं काम न्हाई. मला तवा वाटायचं, पोरगी भोळी हाय. भोळी कसली. शिकून घेऊन राहिली होती.

लगीन जळकोटात झालं. नवरा राजशेखर, माणूस सोन्यासारखा, आवाज मात्र घरात ठेवून बाहेर पडणारा. त्याचे थोरले भाऊ वीरभद्रप्पा, म्हणजे शिवकांताचे भाया. ह्या दोघा भावांत अठरा वर्षांचं अंतर, राजशेखरला त्यांनीच खांद्यावर खेळवलेलं, त्यामुळं घरात त्यांचा मान बापाच्या बरोबरीचा. आडत दुकान, पांढरं धोतर, कपाळावर विभूती, आन् चालवायला एक जुनी जीप, हिरव्या रंगाची. गावात ती जीप आली की माणसं आपोआप बाजूला होतात. आता तुम्हाला ठाऊकच हाय, आपल्याकडं धाकट्या भावाची बायको भायाच्या समोर येत न्हाई, तोंड वर करून बोलत न्हाई. हल्ली लई घरात हे राहिलं न्हाई, पण त्या घरात हाय. शिवकांता चौदा वर्षं झाली त्या घरात, आन् चौदा वर्षांत ती भायाला एक शब्द थेट बोलली न्हाई.

तरी काम अडत नव्हतं. घरात मधोमध एक सागवानी खांब हाय, त्याला धरून कारभार चालायचा. शिवकांता पदर घेऊन खांबाला सांगायची, आडतीवरून माणूस येऊन गेला म्हणावं. वीरभद्रप्पा पलीकडून खांबाला म्हणायचे, बरं. ती खांबाला सांगायची, औषधाची गोळी राहिली म्हणावं. ते खांबाला म्हणायचे, घेतो. आमची अव्वा तिथं असती तर म्हणली असती, ह्या घरात खांबच कर्ता पुरुष हाय.

आता शाळेकडं येऊ.

शाळा उदगीर रस्त्याला, फाटक अगदी डांबरी सडकेला लागून. साडेनवाला तिथं जे चालायचं ते बघून माझ्यासारख्या ड्रायव्हरला घाम फुटायचा. मोटारसायकलवर तीन तीन लेकरं, रिक्षात बारा, सायकलवाले, पायी येणारे, मधी उसाचे ट्रॅक्टर, आन् प्रत्येकाला आपलं लेकरू फाटकाच्या आतच उतरवायचं. एकानं बी दहा पावलं मागं थांबायचं न्हाई. गेल्या वर्षी चौथीतल्या एका पोरीच्या पायावरून मोटारसायकलचं चाक गेलं. दीड महिना प्लास्टर. शाळेनं फाटकावर माणूस ठेवला, तो भांडणाला कंटाळून चार दिवसांत गेला. दुसरा ठेवला, तो समोरच्या हॉटेलात बसून चहा पिता पिता हात हलवायचा. मग पालकांची बैठक झाली. आता कोण, असं हेडमास्तरीण सुकन्या मॅडमनी विचारलं, तर सगळे बाप आपापला मोबाईल बघायले. मागल्या ओळीतून, भायाच्या नातीची पालक म्हणून आलेली शिवकांता उठली आन् म्हणली, मी राहते.

सुकन्या मॅडमनी दोन महिने बघू म्हणून तिला ठेवलं. केशरी जाकीट दिलं, पीटीच्या सरांची जुनी शिट्टी दिली. साडीवर जाकीट, गळ्यात शिट्टी. मी पहिल्यांदा बघितलं तवा गाडी थांबवून खाली उतरलो आन् हॉटेलवाल्याला सांगितलं, ही माझी बहीण. त्यानं विचारलं नव्हतं.

तिनं पहिले तीन दिवस एकालाबी अडवलं न्हाई. निस्ती बघत राहिली, हापशावर बघायची तशी. लोक म्हणायले, ही बी तिसरी, हिला बी जमत न्हाई. चौथ्या दिवशी ती मला म्हणली, अण्णा, येताना कुणाचंच काही चुकत न्हाई बघ. लेकरू उतरवलं की गाडी मागं घेतात, वळवतात, आन् मागून दुसऱ्याचं लेकरू चालत येऊन राहिलेलं असतं. म्हणजे भरलेली घागर.

मला एका झटक्यात कळलं.

पाचव्या दिवशी सकाळी तिनं कबड्डीच्या मैदानाची फक्की आणली, तो पांढरा चुना असतो तो, आन् फाटकापासून नव्वद पावलांवर, लिंबाच्या झाडाजवळ, सडकेच्या कडंनं आडवी रेघ मारली. सगळ्या गाड्या रेघंच्या मागं थांबणार. लेकरू तिथं उतरणार आन् शाळेच्या भिंतीकडंनं पायी फाटकात जाणार, मोठ्यानं बारक्याचा हात धरायचा. आन् गाडी मागं घ्यायची न्हाई. उतरवलं की तशीच पुढं, फाटकाच्या अलीकडं डावीकडं पिठाच्या गिरणीच्या बोळात घालायची, बोळ पुढं गावात निघतो. आल्या वाटंनं कुणी फिरायचं न्हाई. हापशाचा कायदा, दुसरं काय.

कुरकुर लई झाली. भागवत नावाचा एक हाय, सुतारकाम करतो, जीभ रंध्यापेक्षा धारदार. तो म्हणला, बाई, नव्वद पावलं माझं लेकरू चालंल, पण दप्तर कोण चालवील. शिवकांता म्हणली, दप्तर एवढं जड असंल तर त्यात तुमचा रंधा आला असंल, घरी जाऊन बघा. लोक हसले, भागवत बी हसला आन् गाडी मागं थांबली. असं एक एक करून आठवडाभरात सगळे लाइनीवर आले. रिक्षावाले सुदिक. शिट्टी वाजली की ट्रॅक्टर उभा. आन् मी तर आधीपासूनच लाइनीत, मला शिट्टी मारायची तिला कधी वेळच आली न्हाई.

एकच गाडी येत होती फाटकात. हिरवी जीप.

वीरभद्रप्पांची नात अंजू दुसरीत. आज्जाच्या जीवाचा तुकडा. तिला रोज ते स्वतः जीपमधी घेऊन येणार, थेट फाटकात उतरवणार, तिथंच जीप मागं घेणार, आन् निघणार. आन् जीप लांबून दिसली की शिवकांताचं काय व्हायचं, तर शिट्टी तोंडातून खाली आन् पदर डोक्यावर. फाटकाच्या बाजूला सरून भिंतीकडं तोंड करून उभी राहायची. करणार काय. चौदा वर्षांची सवय, हात आपोआप पदराकडं जातो. जीप गेली की तिच्या मागं तीन मोटारसायकली घुसायच्या. आन् भागवत म्हणायचा, "बाई, कायदा तुमच्या उंबऱ्याच्या आत चालत न्हाई का?"

शिव्या दिल्या असत्या तर तिनं ऐकून घेतल्या असत्या, पण हे खरं होतं, म्हणून तिला झोंबायचं.

तिनं काही केलं न्हाई असं न्हाई. अंजूकडून निरोप दिला, आज्जाला सांग, गाडी लिंबापाशी. आज्जा म्हणले, आपल्या घरची लेक धुळीत चालत जाणार का. नवऱ्याला सांगितलं. राजशेखर दादाच्या खोलीपर्यंत गेला, दारात उभा राहिला, पंखा लावू का विचारून परत आला. सासूबाई गौरम्माला सांगितलं, तर त्या म्हणल्या, बाई गं, भायाला रस्त्यात अडवणारी सून मी उभ्या जन्मात ऐकली न्हाई, नोकरी सोड, घरात काय कमी हाय. शेवटी तिनं खांबाला सांगितलं. वीरभद्रप्पा पलीकडं बसलेले असताना खांबाला म्हणली, शाळेपाशी सगळ्यांच्या गाड्या रेघंच्या मागं थांबायल्यात म्हणावं. खांबाच्या पलीकडून काहीच आलं न्हाई. चौदा वर्षांत पहिल्यांदा खांब मुका झाला.

माणूस वाईट नव्हता, हे बी सांगतो. त्यांना वाटायचं, आपण घरच्या बाईला मान देऊन तिथून झटकन निघून जातो, तिला भिंतीकडं तोंड करून जास्त वेळ उभं राहावं लागू नये. म्हणून तर ते जीप जोरात मागं घ्यायचे. चूक झाली ती मानापायी झाली.

मग एका गुरुवारी जीप मागं घेताना काहीतरी फुटल्यासारखा आवाज झाला. पहिलीतल्या एका पोरीचा डबा हातातून पडला होता, ती उचलायला वाकणार, तेवढ्यात मोठ्या बहिणीनं तिची वेणी धरून मागं ओढलं. चाक डब्यावरून गेलं. जीप निघून गेली, वीरभद्रप्पांना आवाज बी आला न्हाई. शिवकांता भिंतीकडून फिरली, तर रस्त्यावर डबा पापडासारखा सपाट, आत पोळी आन् गूळ. पोरगी डब्यासाठी रडायली.

तिनं पोरीला दुकानातून नवा डबा घेऊन दिला आन् तो सपाट डबा जाकिटाच्या आत ठेवला.

शुक्रवारी सुकन्या मॅडमनी तिला बोलावलं. मॅडम भल्या बाई, खुर्ची दिली, पाणी दिलं, मग सांगितलं की शाळेच्या समितीत विषय निघाला. समितीचे अध्यक्ष आनंदराज म्हणून हायेत, ते सोमवारी सकाळी स्वतः येऊन बघणार. एक जरी गाडी फाटकात आली तरी शिवकांताबाईंना मोकळं करायचं आन् पुरुष माणूस ठेवायचा, असं ठरलंय. शिवकांता म्हणली, मॅडम, आधीचे दोघं पुरुषच होते. मॅडम म्हणल्या, मला ठाऊक हाय, पण मी काय करू.

हे मला तवा कुणी सांगितलं न्हाई. बहिणीनं भावाला फोन करायला पाहिजे का न्हाई. पण तिचा स्वभावच तसा, आपलं ओझं आपल्या डोक्यावर. शनिवार, रविवार तिनं घरातली सगळी कामं केली, गौरम्मांच्या पायाला तेल लावलं, आन् डोक्यात एकच चक्र. नोकरी गेली तर जाऊ दे, घरात खायला कमी नव्हतं. पण ती गेली की रेघ पुसली जाणार, हे तिला दिसत होतं. भरल्या घागरी परत गर्दीत घुसणार. आन् पुढच्या वेळंला वेणी धरायला बहीण जवळ असंलच असं न्हाई.

आन् भायाला तोंडावर बोलायचं म्हणलं तर जीभ उचलत न्हाई. भीती न्हाई ही. लगीन होऊन आली तवा ती आजारी पडली होती, तर ह्याच माणसानं मध्यरात्री जीप काढून तिला उदगीरच्या दवाखान्यात नेलं होतं, आन् तवा बी तिच्याकडं न बघता, दाराकडं तोंड करून डॉक्टरला म्हणले होते, आमच्या घरची लक्ष्मी हाय, नीट बघा. अशा माणसाचा चारचौघांत पाणउतारा करायचा कसा.

सोमवार उजाडला. फाटकापाशी सुकन्या मॅडम उभ्या, शेजारी आनंदराज हाताची घडी घालून. मी नेहमीसारखा आलो. माझा छोटा हत्ती लिंबाच्या मागं, रेघंपासून चांगला दोन हात दूर, चाकं सरळ, हँडब्रेक लावलेला. त्या दिवशीची माझी पार्किंग कुणी फोटो काढून आरटीओत लावावी अशी होती. खारीचा पुडा घेऊन मी पायी पायी, भिंतीकडंनं, कायद्यानं चालत शिवकांतापाशी गेलो. म्हणलो, घे, गरम हाय.

तेवढ्यात जीप दिसली. लिंबाच्या झाडाशी आली, रेघ ओलांडली, हळूहळू लेकरांतून वाट काढत फाटकाकडं यायली. शिवकांताचा हात पदराकडं गेला, पदर डोक्यावर आला, पाठ जीपकडं झाली. आनंदराजनी मॅडमकडं बघितलं. झालं, गेली नोकरी.

आन् पदराखालून तिनं माझ्याकडं बघितलं. असं बघितलं की माझ्या हातातला पुडा खाली आला.

"अण्णा," ती म्हणली, आन् आवाज असा की समोरच्या हॉटेलात भजी तळायची थांबली, "तुला रेघ दिसत न्हाई का?"

मी मागं वळून माझ्या गाडीकडं बघितलं. गाडी जागेवर होती.

"बहीण फाटकावर उभी हाय म्हणून भावानं गाडी फाटकात घालायची? घरच्याला सूट दिली तर बाहेरच्याला मी कोणत्या तोंडानं थांबवू? लोक मला रोज विचारायलेत, बाई, कायदा तुमच्या उंबऱ्याच्या आत चालत न्हाई का. काय सांगू त्यांना?"

मी म्हणलो, अगं माझी गाडी तर तिकडं...

"वर तोंड करून बोलू नको." तिनं जाकिटातून तो सपाट डबा काढला आन् माझ्या नाकासमोर धरला. "हा बघ. गुरुवारी तू गाडी मागं घेतलीस तवा चाकाखाली आला. तुला आवाज बी आला न्हाई. पहिलीतली पोरगी हे उचलायला वाकणार होती. तुझी गाडी मोठी, तुझा मान मोठा, सगळं मान्य हाय मला. तूच मला आजारपणात दवाखान्यात नेलंस, ते मी मरेपर्यंत विसरणार न्हाई. पण अण्णा, तुझ्या बी घरचं लेकरू ह्याच फाटकातून आत जातंय. उद्या दुसऱ्या कुणाची गाडी मागं आली आन् खाली ते असलं, तर मी कुणाकडं बघू?"

मी बावीस वर्षं गाडी चालवणारा ड्रायव्हर. गुरुवारी मी चाकूरला होतो, गाडीचं ऑइल बदलत. तिला दवाखान्यात मी कधी नेलं न्हाई. माझ्या घरचं लेकरू त्या शाळेत न्हाई. रागानं माझे कान तापले, तोंड उघडलं, आन् तेवढ्यात मला भाजीतलं मीठ आठवलं. अव्वा वसरीत बसलीय, चुलीपाशी मंजुषा, आन् बोलणी खायली शिवकांता.

मग मी तोंड मिटलं आन् मान खाली घातली. अशी घातली की कुणालाही वाटावं, ह्या माणसानं गावातल्या सगळ्या डब्यांवरून गाडी घातली. म्हणलो, चुकलं बाई माझं.

सगळ्यांना माझी गाडी लिंबाच्या मागं दिसत होती. सगळ्यांना जीप बी दिसत होती. भागवत एकदा माझ्याकडं बघायचा, एकदा जीपकडं. बोळाच्या तोंडाशी जीपचं इंजिन बंद झालं. वीरभद्रप्पा स्टेअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसले. मग हळूच खाली उतरले, अंजूला उतरवलं, तिचं दप्तर तिच्या पाठीला नीट लावलं, ती फाटकात जाईपर्यंत उभे राहिले. जीप मागं घेतली न्हाई. गिरणीच्या बोळात घातली आन् गेले.

आनंदराजनी घडी सोडली. मॅडमला म्हणले, आज तर आत आलीच की गाडी. पण बाईनं बोलायचं ते बोललं, हे बी मी बघितलं. एक दिवसानं काही कळत न्हाई, उद्या परत येतो, उद्या ठरवू.

ते लांब गेल्यावर शिवकांतानं पदर मागं घेतला. मी म्हणलो, काय गं, एवढ्या लोकांत माझी इज्जत काढलीस.

"अण्णा, वयनीच्या वाट्याचं मी दोन वर्षं खाल्लं," ती म्हणली, "तू एक दिवस खाल्लंस तर काय झालं?" आन् खारीचा पुडा फोडला.

संध्याकाळी घरात काय झालं ते राजशेखरकडून कळलं. काहीच झालं न्हाई. वीरभद्रप्पा आले, हातपाय धुतले, पूजेला बसले, जेवले. खांबाला काही बोलले न्हाई. शिवकांतानं भाकरी वाढायला अंजूला पाठवलं. गौरम्मा म्हणल्या, कुणाची तरी नजर लागली घराला. शिवकांता पुढच्या दिवसाच्या साडीची घडी घालत राहिली. जाकीट धुऊन वाळत टाकलं होतं, परत द्यायचं असंल तर स्वच्छ द्यावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उदगीरहून पाऊण तास लवकर निघालो. दोन दुकानांचे पाव टाकायचे राहिले, राहू द्या म्हणलं. बहिणीचा निकाल होता. तरी वाटंत उसाचा ट्रॅक्टर आडवा आला आन् मला पोचायला उशीर झालाच. पोचतो तर रेघंच्या मागं गाड्यांची रांग लागलेली, आन् रांगेत सगळ्यात पुढं हिरवी जीप. रेघंपासून चांगलं चार हात मागं. मी घाईत, नीट बघता यावं म्हणून बाजूनं छोटा हत्ती पुढं घेतला आन् जीपच्या शेजारी लावला.

वीरभद्रप्पा अंजूचं बोट धरून भिंतीकडंनं चालत होते. नव्वद पावलं. अंजू मधून मधून उड्या मारत होती, तिला भारी वाटत होतं, आज्जा पायी शाळेत आले म्हणून. फाटकापाशी शिवकांता पदर डोक्यावर घेऊन बाजूला उभी. अंजू आत गेली. वीरभद्रप्पा माघारी फिरले, आनंदराजना रामराम घातला, आन् चालत लिंबापाशी आले. माझ्या गाडीपाशी थांबले. शिवकांता आठ-दहा पावलांवर, त्यांच्या मागून बारकी लेकरं न्यायला आली होती. त्यांनी गिरणीच्या पाटीकडं बघितलं आन् सगळ्यांना ऐकू जाईल असं मला म्हणले,

"पाहुणे, तुमचा पुढचा टायर रेघंवर हाय. बहीण इथं उभी हाय म्हणून तुम्हाला सूट हाय का? तिचं काम ती करायली, आपण घरच्यांनी आधी पाळायला पाहिजे. तिच्या शब्दाच्या बाहेर जायचं न्हाई."

मी खाली वाकून बघितलं. होता. चार बोटं होता रेघंवर. चौदा वर्षं त्या घरात जे काम खांबानं केलं, ते आता माझ्याकडं आलं, हे मला कळलं आन् मी हात जोडले.

आनंदराज फाटकापाशी हसले, मॅडमच्या कानात काही बोलले आन् मोटारसायकलला किक मारून निघाले. बोळातून.

मी गाडीत बसलो, मागं घ्यावी म्हणून गिअर टाकला. आन् शिट्टी वाजली. लांब, कडक, ट्रॅक्टर थांबवायची शिट्टी. बघतो तर पदर डोक्यावर तसाच, भाया आठ-दहा पावलांवर उभे, आन् पदराच्या आत शिट्टी तोंडात. भायाच्या समोर तिनं पहिल्यांदा शिट्टी वाजवली, आन् बावीस वर्षांत माझ्यावर पहिल्यांदा वाजली. हात गिरणीच्या बोळाकडं.

गिअर बदलला. बोळातून, गावातून, बसस्टँडला वळसा घालून परत उदगीर रस्त्याला आलो आन् भागवतच्या मागं लाइनीत लागलो. पाव गार झाले.